पाच मिनिटं गप्प

आमच्या फोरबर्ग या डच गावातल्या दवाखान्यात नाटकाला लागतं ते सगळं आहे. रांगेतल्या घरांपैकी ते शेवटचं घर. खाली दवाखाना आणि वरच्या मजल्यावर पियानो शिकणारं कुणाचं तरी बिऱ्हाड. आपण खाली घसा दाखवायला आ करून बसावं आणि वर सूर चढत जावेत, ठरलेल्या पायरीवर ठेचकाळावेत, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावेत. काउंटरमागे एक सहायिका बसते. नुसता फोनवरचा आवाज ऐकून कोण आजारी आहे आणि कोण घाबरलंय हे ती ओळखते. डॉक्टर इतके उंच की दारातून येताना त्यांना वाकावंच लागतं, त्यामुळे दर वेळी ते पेशंटला मुजरा करून आत येतात. मला ते फार आवडतं.

इथे त्यांना हाउसआर्ट्स म्हणतात. घरचा डॉक्टर. घरचा म्हणजे घरी येणारा नव्हे. त्यांच्या परवानगीशिवाय पुढच्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरचं दार उघडत नाही, म्हणून घरचा, जुन्या काळच्या सासऱ्यासारखा. आणि नियम एकच: एका भेटीला दहा मिनिटं, दहा मिनिटांत एक तक्रार. ज्या माणसाच्या तक्रारी वरातीसारख्या एकामागून एक निघतात, त्याने या देशात काय करावं?

मी धंद्याने गाइड. नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर आले, सुरुवातीला कालव्याकाठी बदकांशी गप्पा मारत दिवस काढले आणि मग भारतातून येणाऱ्या टूरच्या मंडळींना पवनचक्क्या, चीज आणि ट्युलिप दाखवायला लागले. बसमध्ये हातात माइक आला की मी वेगळी बाई होते. समुद्राला ढकलून जमीन कशी मिळवली हे मी अशा काही हावभावांनी सांगायचे की पुढच्या सीटवरच्या आज्या पाय वर घ्यायच्या. मग महासाथ आली आणि बस गेली ती गेलीच. घरात प्रेक्षक उरले दोन, नवरा आणि मुलगी, आणि दोघांच्याही कानांत हेडफोन.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतापर्यंत माझ्या पायांना चाकं लागली होती. स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून जिन्यापाशी, जिन्यावरून परत ओट्याशी. कपाटं आवरून झाली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरून झाली. मुलगी वरून ओरडायची, "आई, जस्ट सिट." माझ्या मराठीला ती इंग्रजीत उत्तर देते आणि फार चिडली तर डचमध्ये. सगळ्यांना वाटायचं की बस नाही, माइक नाही, म्हणून मी अशी घिरट्या घालते. मीही तसंच सांगायचे. खरं कारण जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून पाठमोरं बसलेलं असायचं.

नवऱ्याच्या घरातले पुरुष पन्नाशी ओलांडतात आणि थोड्याच वर्षांत थांबतात. सासरे कचेरीतून येऊन बूट काढता काढता गेले. थोरले दीर, ज्यांना नवरा दादा म्हणायचा, महासाथीच्या आधी गेले. पुण्यात, एका सकाळी बॅडमिंटन खेळून घरी आले, चहा मागितला, आणि वहिनींनी कप आणेपर्यंत संपलं होतं. दोघांचंही हृदय, दोघांचंही वय जवळपास तेच. आणि त्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझा नवरा त्या वयाला पोचणार होता.

हे आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. मी बोलायला जायचे, तर त्याची मीटिंग सुरू व्हायची. एकदा रविवारी सुरू झाली. दवाखान्यात जाऊन एकदा तपासून घे एवढंच माझं म्हणणं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, दुखत नाहीये तर दाखवायचं काय. हा माणूस मशीनच्या देखभालीवर पोट भरतो. यंत्र बंद पडायच्या आधी तपासायचं असतं हे जगाला शिकवतो, आणि स्वतः मात्र बंद पडेपर्यंत थांबायला तयार.

तेव्हा मी गुडघा काढला. म्हणजे गुडघा दुखतच होता, पण इतका नाही. अपॉइंटमेंट घेतली, मास्क लावून गेले. वेटिंग रूममधली मासिकं उचलून नेली होती, एकाआड एक खुर्चीवर फुल्या, खिडक्या सताड उघड्या आणि आत एप्रिलचं गार वारं. डॉक्टरांनी मुजरा केला, मला आडवं घातलं, गुडघा वाकवला, सरळ केला, व्यायाम सांगितले. वर सूर चढत होते. माझ्या हिशोबाने दोन-तीन मिनिटं शिल्लक होती. मी उठता उठता सहज विषय काढल्यासारखा काढला. सासरे, बूट, दीर, बॅडमिंटन, चहाचा कप. चहाच्या कपापाशी मी थोडी थांबलेसुद्धा, कारण तिथे बसमध्ये नेहमी शांतता पसरते.

डॉक्टर बाईसाहेब म्हणावं तशा डच अदबीने म्हणाले, "मेव्ह्राऊ, हा गुडघा तुमच्या नवऱ्याचा आहे का?"

मी म्हटलं, गुडघा माझा, पण मनुष्य माझाच की. ते मास्कच्या आत हसले असावेत. मग म्हणाले, त्यांच्या हृदयाबद्दल बोलायला त्यांनीच यायला हवं. मात्र दोन वडीलधारे असे गेले असतील तर थांबू नये. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि सांगितलं की दवाखान्यातली नर्स नवऱ्याला फोन करेल. हृदय बिघडायच्या आधीच ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, अशी मंडळी तिच्याकडे असतात. तिच्या हुद्द्याचा डच शब्द इतका लांब आहे की जीभ त्याला प्रदक्षिणा घालून दमते, म्हणून मी आपली नर्स म्हणते.

तिचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याच्या मागेच उभी होते. योगायोगाने. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण हातात चहा होता. बाईचा आवाज घट्ट लागलेल्या दह्यासारखा, गार आणि स्थिर. ती इंग्रजीत विचारू लागली. झोप कशी आहे? मी मागून मराठीत म्हटलं, दोनला उठतो, सांग. त्याने सांगितलं, झोप चांगली आहे. व्यायाम? मी म्हटलं, सायकल गेल्या दिवाळीपासून शेडमध्ये आहे. तो म्हणाला, सायकलिंग. पुण्याला नाटकात होते तेव्हा मी विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचे, कोणी एक ओळ विसरला तर मी तीन पुरवायचे. पण प्रॉम्प्टरचं ऐकायचंच नाही असं ठरवून आलेला नट मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग बाई म्हणाली, "खोलीत आणखी एक व्यक्ती आहे. तिला सगळी उत्तरं माहीत आहेत असं दिसतंय. पण मला यांच्याशी बोलायचंय."

आमच्याकडे डॉक्टरकडे एकटा कोण जातो? ज्याचं पोट दुखतं तो गप्प बसतो आणि बायको किंवा आई सांगते, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, आदल्या आठवड्यात कोणाच्या लग्नाला गेला होता. डॉक्टरही तिच्याकडेच बघून लिहितो. इथे ज्याचं शरीर, त्याचंच तोंड. मी तोंडावर बोट ठेवून जिन्यात जाऊन बसले. तिथूनही ऐकू येत होतं. तिने त्याला बीपीचं मशीन आठवडाभर देऊ केलं. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, आकडे कळवायचे, दवाखान्यात यायचीही गरज नाही. तो हो म्हणाला. नको म्हणण्यापेक्षा त्याला हो सोपं पडतं.

मशीन आणायला मीच गेले. दवाखान्याच्या दारात एक क्रेट ठेवला होता, त्यात नाव लिहिलेली पिशवी. घरी आणून टेबलावर मांडलं. मशीन, दंडाला गुंडाळायचा पट्टा, आणि सूचनांचा कागद. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड टेबलावर. आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोलू नका.

नवऱ्याने मशीनकडे एखाद्या नावडत्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि लॅपटॉप उघडला. संध्याकाळी मोजू. संध्याकाळी म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बघ, काही होत नाही, दुखत नाही, आणि दाखवायला म्हणून पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. गाइडचं कामच असतं ते, आधी स्वतः पुलावर चालून दाखवायचं. पट्टा फुगला, घट्ट झाला, सुटला. आकडे आले आणि मी खळखळून हसले.

"हे मशीन बिघडलेलं आहे," मी म्हटलं.

माझ्या माहेरच्या सगळ्या बायका नव्वदी गाठतात आणि बोलत बोलत गाठतात. आमच्याकडे हृदयबिदय काही नसतं. मी मशीन पिशवीत घातलं, सायकलवर टाकलं आणि दवाखान्यात परत नेऊन सहायिकेला काचेपलीकडून सांगितलं की बिघडलंय. तिने काही न विचारता दुसरं दिलं. तेही बिघडलेलं निघालं, तसं मी आकड्यांसकट कळवलं.

मग फोनवर दह्याचा आवाज. या वेळी तो माझ्यासाठी होता.

नर्स म्हणाली की पहिलं मशीन तिने स्वतःला लावून पाहिलंय, ठीक आहे. मग विचारलं की मोजताना मी बोलत होते का? मी म्हटलं, मी समजावून सांगत होते. आधीची पाच मिनिटं शांत बसले होते का? मी म्हटलं, पाच मिनिटं शांत बसायला मला काय झालंय. ती म्हणाली, तेच शोधायचंय. मग खाण्यापिण्यावर आली. मी लोणच्याच्या बाजूने भक्कम भाषण तयार ठेवलं होतं, पापड आणि शेंगदाण्याच्या चटणीसकट. पण बाईने लोणच्याला हातच लावला नाही. तिने विचारलं, "ड्रॉप खाता?"

ड्रॉप म्हणजे इथल्या काळ्या, खारट, ज्येष्ठमधाच्या गोळ्या. टूरमध्ये मी त्या सगळ्यांना वाटायचे, एवढ्यासाठी की तोंडं वाकडी झालेली बघायला मजा येते. टूर बंद झाल्या तेव्हा घरात पिशव्या पडून होत्या. आणि घिरट्या घालताना हात रिकामे कसे ठेवायचे? एक खिडकीपाशी, एक जिन्यापाशी, एक ओट्यापाशी. पहिल्यांदा तोंड वाकडं होतं, मग होईनासं होतं. नर्सने सांगितलं की ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, आणि आता आठवडाभर ड्रॉप बंद, मीठ कमी आणि मोजायचं मी. नवऱ्याचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, "आधी ज्यांचा आकडा माझ्यासमोर आहे त्यांचं बघू."

मी लोणच्यासाठी लढायला गेले होते आणि हरले ते गोळ्यांवर.

नवऱ्याला ही बातमी कळली तेव्हा किती तरी दिवसांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा दिसला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता डॉक्टरी हुकमाने बायको दिवसातून दोनदा गप्प बसणार. त्याने ड्युटी स्वतःहून घेतली. टूरवाल्यांना विकायला आणलेल्या माझ्या न खपलेल्या मालातून पवनचक्कीच्या आकाराचं टायमर शोधून काढलं, पाती फिरवली की टिकटिकतं तसलं, आणि रोज सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी ते मधे ठेवून माझ्यासमोर बसायला लागला. पाठ टेक. पाय खाली. गप्प.

गप्प बसणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. बाहेरून मी बसलेली असायचे, पण आत माणसांची बस भरून वाहत असायची. पहिल्या मिनिटात उजवा पाय हलायचा. दुसऱ्या मिनिटात मला काहीतरी आठवायचं जे ताबडतोब सांगितलंच पाहिजे, शेजारणीच्या कुत्र्याचं, दूधवाल्या गाडीचं. मी तोंड उघडलं की तो पवनचक्कीकडे बोट दाखवायचा. आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं सांगून झाल्यासारखं आतून रिकामं व्हायचं, तिथे मात्र मला बसवत नसे. कारण तिथे काही नसायचं, फक्त समोर तो. कानशिलावरचे पांढरे केस, शर्टाच्या खिशात अडकवलेला चष्मा, आणि छाती, जी वर-खाली होतेय का हे मी बघत राहायचे. मला आयुष्यभर बडबडी म्हणणाऱ्या कोणालाही हे कळलं नसेल, की बडबडीमुळे काय काय ऐकू येत नाही.

आकडे थोडे उतरले. पुरेसे नाही. आठवड्याअखेरीस एक छोटी पांढरी गोळी माझ्या नावाने लागली आणि मोजणं पुढेही चालू ठेवायला सांगितलं. मी चार दिवस अपमानित अवस्थेत काढले आणि मग सवय झाली.

पण आता गंमत अशी झाली की नवऱ्यातला इंजिनियर जागा झाला. एका सकाळी माझा आकडा जरा वेडावाकडा आला. तो म्हणाला, यंत्राची खात्री करायची तर दुसऱ्या माणसावर लावून पाहायला हवं. मी श्वास रोखून बसले. माझ्या एवढ्या मोठ्या नाट्यसंसारात हा प्रवेश मी कधी लिहिला नसता, पण चाललाय तर मधे बोलू नये एवढं मला कळत होतं. त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. पट्टा फुगला, सुटला. त्याने आकडे पाहिले.

"मशीन ठीक आहे," तो म्हणाला आणि पट्टा काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवला.

मी ते आकडे उलट्या बाजूने वाचले होते. माझ्या सर्वांत वाईट दिवसापेक्षा वर.

नर्सला कळवू या, म्हटलं. तो म्हणाला, बघू. रक्त तपासायला ये म्हणतील, म्हटलं. तो म्हणाला, गणपती होऊन जाऊ दे. काय व्हायचंय गणपतीत? मूर्ती येणार नव्हती, मंडळाचा हॉल बंद होता, आरती सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवरून करायची होती. मग गणपतीच का? मी विचारलं आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

पुढचे दिवस मी कसे काढले हे शेजारणीच्या कुत्र्यालाच माहीत, कारण मी तिच्यासाठी त्याला रोज फिरवायला न्यायचे आणि दमल्यावर तो मला ओढत घरी आणायचा. रात्री जाग आली की श्वास ऐकायचे. मुलीला काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं, पण ती जिन्यात बसून नुसतं बघायची. एकदा म्हणाली, "आई, इज ही ओके?" मी म्हटलं, हो. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट अभिनय. ती तशीच बसून राहिली.

आणि मग एक सकाळ. पाऊस थांबून कालव्यावर पांढरं ऊन पडलं होतं. पवनचक्की टिकटिकत होती, माझ्या दंडाला पट्टा होता, पाय जमिनीवर होते. तिसरं मिनिट असावं. तो टेबलाकडे बघत होता आणि अचानक बोलायला लागला.

"दादा माझ्यापेक्षा मोठा," तो म्हणाला. "शाळेत मला त्याचं जुनं दप्तर मिळायचं. सायकल त्याची झाली की माझी. बाबा गेले तेव्हा काय करायचं ते त्याने केलं, मी मागे उभा होतो. मला मागे उभं राहायची सवय आहे."

मी दंड टेबलावर तसाच राहू दिला.

"गणपतीनंतर मी त्याच्यापेक्षा मोठा होणार. तो आहे तिथेच राहणार आणि मी पुढे जाणार. मला ते कळतच नाही. धाकट्याने पुढे कसं जायचं? औषधं घेऊन, तपासण्या करून, ठरवून पुढे जायचं? त्याला कोणी नाही वाचवलं आणि मी आपलं रांगेत घुसून..." तो थांबला. "वेड्यासारखं आहे, माहितीये मला."

पवनचक्की वाजली. आम्ही दोघंही हललो नाही. माझ्या तोंडात इतकी वाक्यं जमली होती की दात दुखत होते. वेड्यासारखं नाहीये. वेड्यासारखंच आहे. तुला माझी, पोरीची काही पडली आहे का? प्रत्येक वाक्य चांगलं होतं, टाळ्या मिळाल्या असत्या. मी पवनचक्कीची पाती परत फिरवली. ती टिकटिकायला लागली आणि तो आणखी बोलला. दादांच्या बॅडमिंटनबद्दल, अंगठ्यापाशी फाटलेल्या बुटांबद्दल, एकदा दोघांनी आईला न सांगता सिंहगडावर काढलेल्या दुपारीबद्दल. मी पाती तिसऱ्यांदा फिरवली. त्या सकाळी मोजलं नाही.

पण मी मी आहे. तो मीटिंगला बसल्यावर मी शेडमध्ये जाऊन, शेडमधल्या त्याच्या सायकलवर बसून, वहिनींना फोन लावला. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मोजकं बोलणारी, कोरडी, खरी बाई. मी सगळं सांगितलं, अजिबात न रंगवता, म्हणजे मला जमेल तितकं न रंगवता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना जेवायला बसव. मग मी फोन करते."

दुपारी आमटी-भात वाढला आणि टेबलावर फोन वाजला. स्क्रीनवर वहिनी, मागे त्यांच्या स्वयंपाकघरातली खिडकी. हालहवाल झाली. पुण्यात लशीसाठी कशा रांगा आहेत ते झालं. मग त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ह्यांच्या स्कूटरवर मागे बसायचात ना? आठवतं?"

नवरा म्हणाला, आठवतं.

"हे चालवायला लागले की कोणी ओव्हरटेक केलेलं चालायचं नाही. रिक्षावाल्यांशी भांडायचे. तुम्ही मागून हात धरून आवरायचात." वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. "पण पेट्रोल संपलं की गाडी तुमच्याकडेच द्यायचे. तुम्ही ढकलत न्या, पुढे जा, मी आलो, म्हणायचे. कधी आले का मागून? इराण्याकडे चहा प्यायला बसायचे. तेव्हा आता पुढे व्हा. ते कुठे तरी चहा पीत बसले असतील."

नवऱ्याने भात कालवला, कालवलेला परत कालवला. मग हसला आणि हसता हसता त्याला पुढे हसवेना. वहिनींनी त्याला पुरता वेळ दिला. मग मला म्हणाल्या, आमटीत मीठ कमी घालतेस ना गं? आणि फोन ठेवला.

नर्सला फोन त्यानेच केला. मी जिन्यात नव्हते, शपथ. बाथरूममध्ये होते. तिथूनही ऐकू येतं.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही सायकलवर निघालो, त्याची सायकल शेडमधून काढून, हवा भरून. उपाशीपोटी जायचं होतं. मी बजावून ठेवलं होतं की हा आपल्या उपासासारखा उपास नाही, खिचडीसुद्धा चालणार नाही. दवाखान्यात फक्त पेशंट आत, नियम कडक. तेव्हा मी फुटपाथवर उभी राहिले. उभी म्हणजे येरझाऱ्या. कचऱ्याच्या डब्यापासून दिव्याच्या खांबापर्यंत, खांबापासून परत. वरच्या खिडकीतून सूर चढत होते, ठेचकाळत होते. खालच्या खिडकीची काच अर्धी दुधी होती. टाचा उंचावल्या की वरच्या अर्ध्या भागातून आत दिसायचं: नर्सचा पिवळट केसांचा अंबाडा, आणि समोर बसलेला तो, एक बाही वर केलेली.

तो बोलत होता. मास्क होता, पण हात हलत होते. हे हात मी ओळखते, फार थोड्या वेळा हलतात. नर्स लिहीत नव्हती, ऐकत होती. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. झोप चांगली आहे म्हणाला असेल का? दोनला उठतो हे सांगितलं असेल का? मी चवड्यांवर उभी राहून काचेवर जवळजवळ नाक टेकलं. तेवढ्यात नर्सने वर बघितलं, मला पाहिलं, आणि शांतपणे पडदा ओढून घेतला.

बराच वेळ गेला. वरच्या शिष्याने, किंवा शिष्येने, ती पायरी एकदा बरोबर घेतली आणि घाबरून तिथेच थांबली.

तो बाहेर आला तेव्हा कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. मी विचारलं, काय म्हणाली? रक्ताचे रिपोर्ट येतील. गोळी बहुतेक लागेल. चालायचं, सायकल चालवायची, पुढच्या आठवड्यात परत यायचं. आणि तू काय सांगितलंस?

"विचारलं ते," तो म्हणाला.

तेवढ्यात नर्स दारात आली. माझे आठवड्याचे आकडे तिने पाहिले होते, एक सकाळ सोडून सगळे होते. त्या सकाळचं काय झालं?

"बोलणं चालू होतं," मी म्हटलं.

"बोलायचं नसतं ते," ती म्हणाली.

"मी नव्हते बोलत."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मग एक दिवस राहिला तरी चालेल.

घरी जाताना कालव्याकाठचा रस्ता अरुंद आहे, दोन सायकली शेजारी जात नाहीत. एरवी मी पुढे असते. गाइड मागून जात नाही. त्या दिवशी मी सायकलवर बसेपर्यंत तो निघालाही होता, आणि इतक्या महिन्यांत न चालवलेली ती सायकल करकरत, हळूहळू, मधेच नागमोडी जात होती. मला तीन वेळा घंटी वाजवावीशी वाटली. एकदा अंगठा घंटीवर होताही. पुढे वळणावर बदकांचं एक कुटुंब रस्ता ओलांडत होतं, तो थांबला, ती गेली, तो निघाला. मी मागेच राहिले, आणि तोंड बंद ठेवून, त्याच्या पाठीकडे बघत, त्याच्या वेगाने पायडल मारत राहिले.